'डॉग' : अर्थ अनेक, मूळ अज्ञात

अक्षरयात्री (धागालेखक)

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला अगदी सुरुवातीला जे शब्द भेटतात त्यांत 'डॉग' असतोच. इंग्रजी व्युत्पत्तिकोशांत ज्या शब्दांपुढे 'मूळ अज्ञात' असा शेरा असतो, त्यांतही तो आघाडीवर आहे. इतक्या घरगुती शब्दाचा माग इतक्या लवकर हरवावा, याचे मला फार कुतूहल वाटत आले आहे. म्हणून हा धागा काढत आहे.

इंग्रजीत कुत्र्यासाठी मुळातला शब्द 'डॉग' नव्हता, 'हुंड' होता. आजचा 'हाउंड' त्याचाच वंशज. जर्मन भाषेत कुत्र्याला आजही 'हुंट' म्हणतात, डच भाषेत 'होंट' आणि स्वीडिशमध्ये 'हुंद'. या सगळ्यांचे नाते थेट आपल्या 'श्वन्' शब्दाशी आहे. संस्कृत 'श्वा', ग्रीक 'क्युऑन', लॅटिन 'कानिस', लिथुआनियन 'शुओ' आणि इंग्रजी 'हाउंड' ही एकाच घरातली भावंडे आहेत, आणि हे केवळ ध्वनिसाम्यावरून म्हटलेले नाही. संस्कृतात जिथे 'श' येतो तिथे लॅटिनमध्ये 'क' आणि जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, डच इत्यादींच्या कुळातल्या) भाषांत 'ह' येतो, असा नियम शेकडो शब्दांतून सिद्ध झालेला आहे. 'शतम्', 'केंटुम', 'हंड्रेड' ही त्रयी पाहा, किंवा 'शृंग', 'कॉर्नू', 'हॉर्न' ही पाहा. 'श्वन्', 'कानिस', 'हाउंड' त्याच रांगेत बसतात.

'डॉग' मात्र या रांगेत कोठेच बसत नाही. जुन्या इंग्रजीत तो 'डोग्गा' अशा रूपात फार क्वचित आढळतो. प्रूडेंटियस या चौथ्या शतकातील लॅटिन ख्रिस्ती कवीच्या काव्यावर अकराव्या शतकात कोणी तरी इंग्रजी टिपा लिहिल्या. त्यांत 'कुत्र्यांचा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावर 'डोग्गेना' असे षष्ठी बहुवचन दिलेले आहे. याखेरीज काही स्थलनामांत तो डोकावतो. जर्मानिक कुळातल्या इतर कोणत्याही भाषेत त्याचे स्वतंत्र भावंड सापडत नाही. फ्रेंच 'दोग' आणि जर्मन 'डॉगं' हे शब्द आहेत, पण ते इंग्रजीतूनच उचललेले असून थोराड, दांडग्या जातीच्या कुत्र्यांपुरते मर्यादित आहेत. त्यावरून असा तर्क करता येतो की इंग्रजीतही हा शब्द पूर्वी विशिष्ट प्रकारच्या दणकट कुत्र्यासाठी वापरला जात असावा.

पुढे जे घडले ते साहित्यात स्पष्ट दिसते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरच्या काव्यात मठातील प्रतिष्ठित जोगिणीचे लाडके पाळीव प्राणी 'हाउंड' आहेत, तर गरीब विधवेच्या अंगणातून कोल्ह्यामागे धावणारा कोल हा 'डॉग' आहे. दोन शतकांनंतर शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये राजा मारेकऱ्यांना सुनावतो की हाउंड, ग्रेहाउंड, स्पॅनिअल आणि गावठी कुत्री या सगळ्यांना 'डॉग' हे एकच नाव आहे. म्हणजे तोवर 'डॉग' जातिवाचक झाला होता आणि 'हाउंड' त्याचा पोटभेद. आज 'मुधोळ हाउंड' म्हणताना आपणही 'हाउंड' शब्द शिकारी कुत्र्यापुरताच वापरतो.

माझा मुद्दा असा की मराठीतही हेच घडलेले आहे. 'श्वान' हा वारशाने आलेला शब्द 'श्वानपथक', 'श्वानदंश' अशा औपचारिक जागी जाऊन बसला, आणि बोलण्यात 'कुत्रा' आला. या 'कुत्र्या'चे मूळ संस्कृतात सरळपणे दाखवता येत नाही. दोन दूरच्या भाषांनी आपला जुना शब्द बाजूला सारून त्याच प्राण्यासाठी अनोळखी कुळातला शब्द जवळ केला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. चर्चा या शब्दाचे अर्थ आणि मूळ यांपुरती ठेवावी, ही विनंती.

पेठेतला वाचक

लेख आवडला. एक शंका आहे. कुत्रा हा चावणारा प्राणी आहे, आणि संस्कृतात 'दंश्' धातू आहे. 'दंश', 'दंष्ट्रा' यांवरून 'डॉग' आला असण्याची शक्यता आपण पूर्णपणे नाकारता का? दोन्हींचे आरंभीचे वर्ण जवळचे आहेत आणि अर्थही जुळतो.

अक्षरयात्री

होय, पूर्णपणे नाकारतो, आणि कारण वर दिलेल्या नियमातच आहे. संस्कृत 'द' जर्मानिक भाषांत 'ट' होतो. 'दश' आणि 'टेन', 'द्वौ' आणि 'टू', 'दन्त' आणि 'टूथ' ही उदाहरणे पाहावीत. 'दंश्' धातूचा वंशज इंग्रजीत असता तर त्याच्या आरंभी 'ट' असता, 'ड' नव्हे.

ध्वनी आणि अर्थ दोन्ही जुळूनही नाते नसू शकते, याचा सर्वांत ठळक पुरावा 'डॉग' शब्दाच्याच बाबतीत उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, क्वीन्सलंडमध्ये, म्बाबरम नावाची मूलनिवासींची भाषा होती. भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी १९६०च्या दशकात अल्बर्ट बेनेट या वृद्ध भाषकाकडून तिची नोंद करायला सुरुवात केली. बेनेट यांनी सुरुवातीलाच सांगितलेल्या शब्दांपैकी एक कुत्र्यासाठी होता, आणि तो होता 'डॉग'! हा इंग्रजीतून घेतलेला शब्द असेल, असेच कोणालाही वाटेल. पण शेजारच्या यिडिन्य भाषेत कुत्र्याला 'गुदागा' म्हणतात आणि द्यिरबल भाषेत 'गुदा'. म्बाबरम भाषेत शब्दांचा आरंभीचा वर्ण गळून पडतो आणि स्वर बदलतात. 'गुदागा'चे त्या भाषेच्या नियमांनुसार जे होईल ते 'डॉग'सारखेच होते. इंग्रजी शब्दाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

म्हणून नाते ठरवायचे तर एका जोडीवर विसंबून चालत नाही, तोच ध्वनिबदल अनेक शब्दांत पुन्हा पुन्हा दिसावा लागतो. संस्कृताशी इंग्रजीचे नाते शोधायचे असेल तर ते 'हाउंड'मध्ये आहे, आणि ते इतके पक्के आहे की 'डॉग'च्या बाबतीत ओढाताण करण्याचे कारणच उरत नाही.

मांडवीकाठ

'श्वान' औपचारिक जागी बसला हे खरे, पण त्या घराण्याची एक शाखा अजून गोव्यात आमच्या अंगणात भुंकते आहे, ती या चर्चेतून सुटू नये म्हणून लिहिते. कोंकणीत कुत्र्याला 'सुणें' म्हणतात. संस्कृत 'शुनक', पाली 'सुनख', प्राकृत 'सुणअ' असा त्याचा सरळ रस्ता आहे. जुन्या मराठीतही 'सुणें' हा शब्द होता, आणि आजचा मराठी वाचक तो संतवाङ्मय वाचताना अडखळतो. म्हणजे मराठीने हा वारसा सोडला आणि कोंकणीने जपला. त्यामुळे धाग्यातील 'मराठीने जुना शब्द बाजूला सारला' हे विधान अधिकच पक्के होते, कारण बाजूला सारलेला खरा बोलीतला शब्द 'सुणें' होता. 'श्वान' हा तर संस्कृतातून पुन्हा उसना घेतलेला आहे.

गीतेच्या पाचव्या अध्यायात 'शुनि चैव श्वपाके च' असे आहे. तिथे 'शुनि' म्हणजे 'कुत्र्याच्या ठायी'. हे विभक्तिरूप ज्याला 'सुणें' ठाऊक आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. आणि 'श्वापद' हा शब्द आपण वाघ-बिबट्यांसाठी वापरतो, त्याचा मूळ अर्थ कुत्र्यासारखे पाय असलेला प्राणी असा आहे.

अक्षरयात्री

मांडवीकाठ, 'सुणें'बद्दल मनापासून आभार. 'श्वान' हा तत्सम आणि 'सुणें' हा खरा तद्भव, हा भेद मी मूळ लेखात मांडायला हवा होता तसा आपण मांडला आहे.

आता 'कुत्रा'. हिंदी-पंजाबी 'कुत्ता', सिंधी 'कुतो', गुजराती 'कूतरो' आणि आपला 'कुत्रा' यांच्यामागे 'कुत्त' असे एखादे रूप असावे असे तुलनेवरून मानतात, पण ते संस्कृत ग्रंथांत मिळत नाही. नेपाळी, बंगाली आणि ओडियातील 'कुकुर' मात्र संस्कृत 'कुक्कुर'वरून आला आहे, आणि 'कुक्कुर' स्वतः आवाजावरून घडलेला दिसतो. इतकेच नव्हे, तर मध्य आशियातील लुप्त झालेल्या सोग्दी भाषेत कुत्र्याला 'कुती'च्या जवळचा शब्द होता, हंगेरियनमध्ये 'कुत्या' आहे आणि बल्गेरियनमध्ये 'कुचे'. या सर्वांना एका दोरीत ओवण्याचा मोह होतो. पण वेगवेगळ्या ठिकाणी माणसांनी कुत्र्याला बोलावण्यासाठी 'कुत् कुत्' किंवा 'कुच् कुच्' असे आवाज काढले आणि तेच पुढे नाव झाले, हे मला अधिक संभवनीय वाटते. आपल्याकडे 'यू यू' करून बोलावतात. एखाद्या भाषेत 'यूयू' हेच कुत्र्याचे नाव झाले असते तर नवल वाटले नसते. लहान मुलांनी 'भूभू' केलेच आहे.

लेथवरचा

मी आयुष्यभर यंत्रशाळेत काम केले आहे. या शब्दाचा आमच्या कामातला अर्थ इथे कोणी लिहिलेला नाही, म्हणून लिहितो.

लांब शाफ्ट लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, दोन सेंटरमध्ये (अणकुचीदार टोकांमध्ये) धरला की तो नुसता टोकांवर टेकलेला असतो. हेडस्टॉकमधला स्पिंडल फिरला तरी शाफ्ट आपोआप फिरत नाही. त्यासाठी शाफ्टच्या एका टोकावर लोखंडी कडे चढवतात आणि वरचा बोल्ट आवळतात. त्या कड्याला एक वाकडी शेपटी असते, ती स्पिंडलवरच्या ड्रायव्हिंग प्लेटच्या खाचेत बसवतात. प्लेट फिरली की शेपटी ओढली जाते आणि शाफ्ट फिरतो. त्या कड्याला 'डॉग' म्हणतात, काही जण 'कॅरिअर' म्हणतात. नवीन मुलाला मी पहिली ताकीद हीच देत असे की डॉगचा बोल्ट बाहेर आलेला असतो, बाही खाली सोडून जवळ जायचे नाही. तो बाही पकडतो आणि सोडत नाही.

मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्येही गिअरच्या सपाट बाजूवर जाड उभे दात असतात, ते शेजारच्या गिअरच्या खाचांत शिरून दोघांना जखडतात. त्यांनाही 'डॉग' म्हणतात. त्यांच्या कडा झिजून गोल झाल्या की चालू गाडीत गिअर आपोआप सुटतो. रेल्वेत लाकडी स्लीपरवर रूळ ठोकायचा जो जाड खिळा असतो तो 'डॉग स्पाइक'. त्याच्या डोक्याला दोन्ही बाजूंना कानांसारखे भाग असतात, ते पहारीने उपसण्यासाठी.

माझ्या समजुतीप्रमाणे या सगळ्यांत एकच अर्थ आहे : धरून ठेवणे.

अक्षरयात्री

लेथवरचा, आपण म्हणता तेच कोशकारांचेही मत आहे. पकड घेणाऱ्या उपकरणांसाठी 'डॉग' हा शब्द मध्ययुगाच्या अखेरीपासून वापरात आहे, आणि त्यामागे दातांनी धरून न सोडणाऱ्या कुत्र्याचीच कल्पना आहे. 'डॉग' क्रियापदाचा 'पाठ न सोडणे' हा अर्थ आणि 'डॉगेड' म्हणजे चिवट, हेही याच बाजूला येतात.

दुसरी बाजू तुच्छतेची आहे. कुत्र्याचे जिणे, कुत्र्याच्या मौतीने मरणे, हे मराठीप्रमाणे इंग्रजीतही आहे. वनस्पतींच्या नावांत 'डॉग' लागला की ती वनस्पती पुष्कळदा हिणकस समजली जाते. सुगंध नसलेल्या व्हायोलेट फुलांना 'डॉग व्हायोलेट' म्हणतात. आपण अळंब्यांतल्या न खाण्याजोग्यांना 'कुत्र्याची छत्री' म्हणतो, तीच ही वृत्ती. रद्दड कवितेला 'डॉगरेल' म्हणतात, आणि तो शब्द चॉसरच्याच काळापासून आहे. काव्यात चॉसर स्वतःच पात्र म्हणून एक गोष्ट सांगू लागतो, तेव्हा खाणावळीचा मालक त्याला मध्येच थांबवून हा शब्द वापरतो.

मात्र 'डॉग रोझ' या रानगुलाबाला हा न्याय लावू नये. ते नाव लॅटिन नावाचे भाषांतर आहे आणि लॅटिन नाव ग्रीकवरून आले आहे. त्याच्या मुळीने पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर उतारा पडतो, अशी प्राचीन समजूत होती. त्याचप्रमाणे भर उन्हाळ्याच्या दिवसांना 'डॉग डेज' म्हणतात, त्याचे कारण आकाशात आहे. ज्या ताऱ्याला आपण व्याध म्हणतो त्याला ग्रीक आणि रोमन लोक कुत्रा मानत. तो सूर्याबरोबर उगवू लागला की त्यांच्याकडे कडक उन्हाळा असे. या ठिकाणी 'डॉग' शब्द इंग्रजी, पण कल्पना पूर्णपणे उसनी.

सागरपक्षी

जहाजावर हा शब्द पावलोपावली भेटतो. जलरोधक दाराच्या चारी बाजूंना ज्या फिरत्या खिट्ट्या असतात त्या 'डॉग', आणि दार पक्के बंद करणे म्हणजे 'डॉग डाउन' करणे. हे लेथवरचा यांच्या अर्थात चपखल बसते.

न बसणारा शब्द आहे 'डॉग वॉच'. जुन्या पद्धतीत दिवसाचे चोवीस तास चार-चार तासांच्या पहाऱ्यांत विभागत. तसे केले तर सहा पाळ्या होतात, आणि खलाशांचे दोनच गट असतील तर मध्यरात्रीची पाळी रोज त्याच गटाच्या वाट्याला येते. म्हणून दुपारी चार ते रात्री आठ या पाळीचे दोन-दोन तासांचे दोन तुकडे केले. पाळ्या सात झाल्या, संख्या विषम झाली आणि गटांची पाळी रोज आपोआप बदलू लागली. शिवाय दोन्ही गटांना संध्याकाळचे जेवण वेळेवर मिळू लागले. व्यवस्था अत्यंत शहाणपणाची आहे. पण या अर्ध्या पाळ्यांना 'डॉग' का म्हणावे? कोणी 'डॉज' म्हणजे चुकवणे यावरून म्हणतो, कोणी 'डॉक्ड' म्हणजे छाटलेली यावरून, कोणी व्याधाच्या ताऱ्यावरून. आपले मत काय?

अक्षरयात्री

'डॉज' आणि 'डॉक्ड' या दोन्ही उपपत्ती मला मागाहून रचलेल्या वाटतात, कारण जुन्या नोंदींत या पाळीचे नाव 'डॉज वॉच' किंवा 'डॉक्ड वॉच' असे लिहिलेले दाखवता आलेले नाही. मधली पायरी नसेल तर तर्क कितीही सुरेख असला तरी तो तर्कच राहतो. ताऱ्याची उपपत्ती तर टिकतच नाही, कारण तो तारा संध्याकाळी वर्षातले काही महिनेच दिसतो. मला वाटते की इथे 'डॉग'चा अर्थ 'कमअस्सल, पुरी नव्हे अशी' इतकाच असावा, म्हणजे डॉग व्हायोलेटचाच अर्थ. सूर्याच्या दोन्ही बाजूंना, सुमारे २२ अंशांवर, ढगांतील बर्फाच्या स्फटिकांमुळे जे तेजस्वी ठिपके दिसतात त्यांना 'सन डॉग' म्हणतात. त्या नावाचेही मूळ असेच अनिश्चित आहे. ते खोटे सूर्य म्हणून, की धन्याच्या दोन्ही बाजूंना चालणारी कुत्री म्हणून, हे ठरवणे कठीण आहे. माझा कल दुसरीकडे आहे.

पेठेतला वाचक

'हॉट डॉग' आणि 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' यांबद्दलही लिहावे. पावसाच्या वाक्प्रचाराबद्दल मी असे वाचले होते की जुन्या इंग्लंडमध्ये कुत्री-मांजरे गवताने शाकारलेल्या छपरांत झोपत आणि मुसळधार पावसात निसरडे झाले की खाली पडत.

अक्षरयात्री

ती छपरांची कथा १९९९ च्या सुमारास ई-मेलमधून पसरलेल्या एका लेखातली आहे, आणि तिला कोणताही आधार नाही. कुत्रे शाकारलेल्या छपराच्या आत झोपू शकत नाही, आणि वर झोपलेच असेल तर पाऊस आल्यावर तिथे थांबणार नाही. नोंदी सांगायच्या तर सतराव्या शतकाच्या मध्यास रिचर्ड ब्रोम याच्या नाटकात पावसात कुत्री आणि पोलकॅट (मुंगसासारखे दिसणारे प्राणी) पडण्याचा उल्लेख आहे, आणि आजच्या रूपात हा वाक्प्रचार १७३८ मध्ये जोनाथन स्विफ्टने वापरलेला आहे. त्यामागील कल्पना कोणती, याचा उलगडा झालेला नाही. कुत्र्या-मांजरांच्या भांडणाचा कल्लोळ, हे स्पष्टीकरण मला सर्वांत साधे वाटते.

'हॉट डॉग'ची प्रचलित कथा अशी की टॅड डॉर्गन या व्यंगचित्रकाराने न्यूयॉर्कच्या मैदानावर विकले जाणारे सॉसेज पाहून चित्र काढले, आणि 'डाक्सहुंड' या जर्मन जातीच्या लांबट कुत्र्याच्या नावाचे स्पेलिंग येईना म्हणून 'हॉट डॉग' लिहिले. ते चित्र आजवर कोणालाही सापडलेले नाही. उलट १८९५ मध्ये येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या लिखाणात हा शब्द आलेला आहे. सॉसेजमध्ये कुत्र्याचे मांस घालतात, अशी कुजबूज त्या काळी लोकांत होती आणि विद्यार्थ्यांनी तीच थट्टेने उचलली. या शब्दाचे मूळ तुलनेने स्वच्छ आहे.

मांडवीकाठ

एकच प्रश्न राहतो. जुना शब्द टाकून नवा घेण्याचा हा प्रकार इंग्रजी आणि मराठीपुरताच आहे का? आणि 'डोग्गा'च्या मुळाबद्दल आज सर्वांत बरा तर्क कोणता मानावा?

अक्षरयात्री

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पॅनिशमध्ये आहे. पोर्तुगीज भाषेने लॅटिन 'कानिस'चा वारसा 'कांव' या रूपात ठेवला, पण शेजारच्या स्पॅनिशने 'पेरो' घेतला, आणि त्याचेही मूळ अज्ञात आहे. मेंढपाळ कुत्र्यांना हाकताना काढतात त्या 'प्र्र' अशा आवाजावरून तो आला असावा, असे एक मत आहे. कुत्रा हा रोज हाका मारून बोलावण्याचा, लाडाने आणि रागाने पुकारण्याचा प्राणी आहे. त्यामुळे त्याच्या नावांवर बोलीचा, लाडिक रूपांचा आणि हाकांचा मारा सतत होत असतो. घोडा किंवा गाय यांच्या नावांपेक्षा त्याचे नाव अधिक वेळा बदलले, तर त्यात मला विसंगती दिसत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'डोग्गा'च्या शेवटात शोधावे लागते. जुन्या इंग्रजीत 'ग्गा' असा शेवट असलेली प्राण्यांची काही नावे आहेत. बेडकासाठी 'फ्रोग्गा', नर हरणासाठी 'स्टाग्गा', किड्यासाठी 'विग्गा', आणि 'पिग'च्या मागेही 'पिग्गा' असे रूप मानतात. यांपैकी बेडकाच्या बाबतीत आपल्याला जुना प्रतिष्ठित शब्दही ठाऊक आहे. तो 'फ्रॉक्स' किंवा 'फ्रॉस्क', आणि जर्मनमध्ये तो 'फ्रॉश' म्हणून जिवंत आहे. म्हणजे मूळ शब्दाचा पहिला भाग ठेवून पुढे 'ग्गा' जोडला की घरगुती, लाडिक नाव तयार होई. पोलंडचे भाषाशास्त्रज्ञ पिओत्र गोंशोरोव्स्की यांनी २००६ मध्ये हाच धागा पकडून असे सुचवले की जुन्या इंग्रजीत काळपट, सावळ्या रंगासाठी 'डॉक्स' असा शब्द होता, आणि 'फ्रॉक्स'पासून 'फ्रोग्गा' व्हावा तसा 'डॉक्स'पासून 'डोग्गा' झाला असावा. म्हणजे 'डॉग' हे मुळात काळ्या कुत्र्याला मारलेली 'काळ्या' अशी हाक असावी.

या तर्काचे बळ असे की त्यात ध्वनिबदलाची जोडी एकटी नाही, तिला बेडकाची साक्ष आहे, आणि 'डोग्गा' लिखाणात इतका दुर्मीळ का, याचेही उत्तर मिळते. लाडाची नावे धर्मग्रंथांवरच्या टिपांत सहसा येत नाहीत. उणीव अशी की 'डॉक्स' रंगवाचक शब्द कुत्र्यासाठी वापरल्याचे एकही वाक्य हाती नाही. ते सापडेपर्यंत कोशांतला 'मूळ अज्ञात' हा शेरा कायम ठेवणे योग्यच आहे. पण आज पुढे असलेल्या तर्कांतून एक निवडायचा झाल्यास मी हाच निवडेन.